घरची साक्ष

डोझरमामा चिडले की आधी त्यांचे कान लाल व्हायचे. आवाज नंतर चढायचा, हात त्याच्याही नंतर उठायचा. पण कान आधी सांगून टाकायचे. वणीच्या आमच्या लहानशा चर्चमधली आम्ही पोरं उपासनेत पाळकसाहेबांकडे कमी आणि मामांच्या कानांकडे जास्त बघायचो. कान लाल दिसले की एकमेकांना कोपर मारायचं आणि आज कोणाची पाळी ते ओळखायचं. कधी पंखा मध्येच बंद करणाऱ्याची असायची, कधी गीताची चाल ओढून लांबवणाऱ्याची. एकदा तर ऐन नाताळच्या सकाळी, चपला दारात अस्ताव्यस्त काढल्या म्हणून, अख्ख्या मंडळीचीच पाळी आली होती.

ते माझे सख्खे मामा नव्हते. आमच्या घराला लागून त्यांचं घर, मधे एक बुटकी भिंत. कोळशाच्या उघड्या खाणीत ते डोझर चालवायचे म्हणून साऱ्या गल्लीचे डोझरमामा. मूळचे झरीकडच्या जंगलातल्या एका गावचे. लहानपणी वसतिगृहात शिकायला आले, तिथंच प्रभूला ओळखलं, तिथंच बाप्तिस्मा घेतला. या गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता. खाणीत जशी वर्षं भरली की बढती मिळते, तसंच विश्वासातही असतं असं त्यांनी धरलं होतं. नवा कोणी चर्चमध्ये काही सुचवायला उभा राहिला की ते विचारायचे, "बाप्तिस्मा कधी झाला तुह्या? मंग बस खाली. मी तुह्या आधीपासून आहो इथं."

त्यांची जाहीर प्रार्थना हा तर वेगळाच प्रकार होता. डोळे मिटून, हात पसरून ते देवाशी बोलायचे, पण ऐकायचं असायचं आम्ही. "हे प्रभू, ज्या बहिणी उपासनेत मोबाइल पाहतात, विशेष करून खिडकीजवळच्या, त्यांना बुद्धी दे." खिडकीजवळ माझी आई बसायची. घरी आल्यावर आई म्हणायची, "देवाला खिडकी बरोबर दाखवतात हो हे." पण तोंडावर कोणी काही बोलत नसे. शास्त्र त्यांना तोंडपाठ होतं, उपवास ते नेमाने करायचे, दारूला कधी शिवले नाहीत, कुणाच्या घरी मयत झाली तर कबर खणायला फावडं घेऊन सगळ्यात आधी हजर. त्यामुळे मामांना आम्ही सगळे मोठा विश्वासू माणूस समजायचो. रागाचं काय, तो स्वभाव. ते स्वतःही म्हणायचे, "माह्या पोटात काही राहत नाई. जे आहे ते तोंडावर."

तोंडावर सगळ्यात जास्त कोणाच्या, ते भिंतीपलीकडून आम्हाला ऐकू यायचं. मामी किडकिडीत, फारसं न बोलणाऱ्या. मामांच्या मोटारसायकलचा स्टँड अंगणात वाजला की त्या हातातलं काम टाकून उभ्या राहायच्या. एकुलता मुलगा प्रकाश माझ्याच वयाचा. तो तर बाप आला की पुस्तक घेऊन आमच्याकडे यायचा आणि ते न उघडताच बसून राहायचा.

प्रकाशला फोटोचं वेड होतं. मी शाळेत शिक्षिका म्हणून लागले त्या वर्षी आमच्या मंडळीतल्या एका लग्नात फोटो काढायचं काम त्यानं घेतलं होतं. मामांची इच्छा वेगळी होती. पोरानं खाणीतल्या कामाचं शिक्षण घ्यावं, आपल्यामागं त्याच खाणीत लागावं, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. प्रकाशनं त्या शिक्षणाला जायचं नाकारलंय हे त्यांना नेमकं त्या मांडवात कोणाकडून तरी कळलं. पंगत बसली होती. मी वाढत होते. मामांचे कान मी पाहिले, पण तोवर ते प्रकाशपाशी पोचले होते. सगळ्या पाहुण्यांसमोर त्यांनी त्याच्या थोबाडीत मारली. कॅमेरा पट्ट्याला लोंबकळत राहिला.  प्रकाशनं नवरानवरीचे राहिलेले फोटो काढले, कॅमेरा पिशवीत भरला आणि तिथूनच घाटंजीला मित्राकडे निघून गेला.

तो परत आला नाही. घाटंजीत त्यानं फोटो स्टुडिओ टाकला, तिथल्याच एका मुलीशी लग्न केलं, त्याला मुलगी झाली. हे सगळं मामींना फोनवर कळायचं, आणि तो फोन त्या आमच्या घरी येऊन करायच्या. मामांना कोणी विचारलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं: "दार उघडंच आहे. त्यानं यावं, माफी मांगावी. मी काही मनात ठेवत नाई."

पुढं चर्चमध्ये पंच निवडायची वेळ आली. मंडळीचा कारभार पाहणारे हे पंच. मामांना खात्री होती की या खेपेला आपलं नाव. तेव्हा आमच्याकडे नवे पाळकसाहेब आले होते, उतारवयाचे, हळू बोलणारे. ते एका संध्याकाळी मामांकडे आले. मी मामींचा कुकर परत द्यायला गेले होते, ती तिथंच दाराशी थांबले.

पाळकसाहेब म्हणाले, "तुमचं नाव लोकांनी सुचवलंय. तुमचं शास्त्रज्ञान मला माहीत आहे, मेहनतही माहीत आहे. एकच विचारायचं आहे. आणि ते तुम्हाला नाही, यांना." मग चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या मामींकडे वळून त्यांनी विचारलं, "बाई, माणूस प्रभूमध्ये वाढतोय का, ते चर्चमध्ये कळत नाही. घरच्यांना कळतं. हे घरात कसे आहेत?"

मामींनी भाकरी तव्यावर टाकली. उलटली. फुगलेली भाकरी काढून टोपलीत ठेवली आणि दुसरी थापायला घेतली. त्या हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. पाळकसाहेबांनी बराच वेळ वाट पाहिली. मग ते उठले, मामांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अजून थोडं थांबू या." आणि निघून गेले.

मामांचे कान लाल झाले नव्हते, पांढरे पडले होते. त्यानंतर कितीतरी रविवार ते चर्चला आले नाहीत. लोक म्हणाले, मामांना पद मिळालं नाही म्हणून रुसले. मलाही तसंच वाटलं होतं. खरं काय झालं ते त्यांनी मला फार नंतर सांगितलं.

"दुसऱ्या दिवशी खाणीत जेवाच्या सुट्टीत डोझरच्या केबिनमंदी बसलो, डब्बा उघडला. भाकर, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा. रोजचंच. पण त्या दिवशी घास उतरे ना. मनात आलं, ही बाई इतके वर्ष हा डब्बा भरून राह्यली, आन् माह्याबद्दल एक चांगला शब्द तिले सापडला नाई. मले तिचा रागच आलता. घरी येऊन म्हटलं, काहून बोलली नाई? खोटं बोलाचं नव्हतं, त मंग खरं सांगाचं होतं. त ती म्हणते, 'तुमच्या भेवानं.' बस, इतकंच बोलली. पोरी, वरून खडक पडला असता त परवडलं असतं."

मामी आपल्याला घाबरते. मामांना वाटायचं, ती मान देते. त्या एका शब्दानं त्यांचं सगळं उलटंपालटं केलं. मग ते रोज पहाटे कामावर जायच्या आधी पाळकसाहेबांकडे जाऊन बसायला लागले. तिथं काय बोलणं व्हायचं ते दोघांनाच ठाऊक. पण जेव्हा ते पुन्हा चर्चमध्ये आले तेव्हा मागच्या ओळीत बसले, आणि प्रार्थनेची पाळी आली तेव्हा उभे राहून फक्त एवढंच म्हणाले, "प्रभू, मले बदल. आमेन." सगळी मंडळी डोळे उघडून त्यांच्याकडे बघत होती. आई मला कुजबुजत म्हणाली, "आज खिडकी सुटली."

बदल एका रात्रीत झाला नाही. झाला असता तर मी विश्वास ठेवला नसता. राग आला की तोंडात पाण्याचा घोट घ्यायचा आणि तो गिळायचा नाही, थुंकायचाही नाही, असा उपाय त्यांनी स्वतःच काढला होता. त्यामुळे बरेच दिवस ते गाल फुगवून हिंडताना दिसायचे. समोर सलीमभाईंचं गॅरेज. एकदा त्यांच्याकडे दुरुस्तीला आलेला ट्रक मागं घेताना मामांच्या अंगणाच्या फाटकावर गेला. फाटक पार आडवं झालं. सलीमभाई धावत आले आणि शिव्या ऐकायला उभे राहिले. मामा गाल फुगवून बाहेर आले, फाटकाकडे बघितलं, पाणी गिळलं आणि म्हणाले, "डायवरले लागलं त नाई न?" सलीमभाई आमच्या घरी येऊन आईला विचारून गेले, "भाभी, मामांची तबियत ठीक आहे ना? मला तर टेन्शन आलं. डॉक्टरकडे नेऊ का?"

मी जुनी गाडी घेतली तेव्हा ती चालवायला मला त्यांनीच शिकवलं. मी घाबरले होते, कारण प्रकाश मोटारसायकल शिकताना किती रडला होता ते मी भिंतीवरून पाहिलं होतं. पण मामा शेजारी शांत बसायचे. मी गाडी चौथ्यांदा बंद पाडली तेव्हा मागं ट्रकांचे भोंगे सुरू झाले. मामा म्हणाले, "त्याईले घाई आहे, आपल्याले नाई. पुन्हा कर." मी गाडी चालू केली. थोडं पुढं गेल्यावर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हे मले प्रकाशसंगं जमलं असतं त."

चुकायचेही. चर्चमध्ये नवे लाउडस्पीकर बसवायचे की नाही यावर सभा होती. बोलता बोलता मामांचा तोल गेला आणि त्यांनी एका तरुण पंचाला सगळ्यांसमोर मूर्ख म्हटलं. सभा तिथंच मोडली. मला वाटलं, गेलं सगळं पाण्यात. पण संध्याकाळी मी बाहेर पडले तर मामा त्या तरुणाच्या दाराशी उभे. "मी चुकलो," ते म्हणाले. एवढंच बोलून ते वळले. परत येताना मी त्यांना म्हटलं, "मामा, पण त्याचंही थोडं चुकलंच होतं." ते म्हणाले, "असन. पण माफीत 'पण' आला का माफी संपली. त्याचं त्यानं पाहाव. पहिले मी पडलो का दुसऱ्याच्या नावानं ओरडे. आता पडलो का लवकर उठता येते. इतकाच फरक पडला, शीला. पण हा बी मोठाच म्हणाव."

त्यानंतर काही दिवसांनी पंच म्हणून त्याच तरुणाचा पुन्हा नंबर लागला. मामांचं नाव यादीत नव्हतंच. त्या दिवशी सगळ्यात आधी जाऊन त्याचे हात धरणारे मामा होते, आणि त्यांच्या तोंडावर जे हसू होतं ते ओढून आणलेलं नव्हतं. हे मी मुद्दाम जवळ जाऊन पाहिलं.

ते निवृत्त झाले त्याच्या पुढच्या आठवड्यात भिंतीवरून त्यांनी मला हाक मारली. "शीला, घाटंजीले नेशीन का आमाले?"

मी म्हटलं, "प्रकाश येतो म्हणालाय का?"

"नाई. मी म्हणत होतो न, दार उघडं आहे, त्यानं यावं. मारलं मी, आन् वाट पाहून राह्यलो त्याची. आपणच जाऊ."

मामींनी पिशवी भरली. तिळाचे लाडू, चारोळी, नातीसाठी शिवलेला फ्रॉक. मारेगाव, करंजी, पांढरकवडा असा रस्ता. दोन्हीकडे फुटलेला कापूस. मामा शेजारी बसले होते आणि सारखे हात चोळत होते. पांढरकवड्याला चहाला थांबलो तर त्यांनी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. मामींनी तो उचलून त्यांच्या हातात दिला. "प्या," त्या म्हणाल्या. मामा प्यायले.

घाटंजीत आठवडी बाजाराचा दिवस होता. मी म्हटलं, "मामा, आज गर्दी असेल. आधी घरी जाऊ, निवांत बोलता येईल." ते म्हणाले, "नाई. मारलं चार लोकाईसमोर, त हे बी चार लोकाईसमोरच."

स्टुडिओ बाजाराच्या रस्त्यावरच होता. आत माणसं दाटीवाटीनं बसली होती. प्रकाश एका म्हाताऱ्या बाईचा फोटो काढत होता, तिची मान सरळ करत होता. त्यानं वर पाहिलं आणि तो तसाच थांबला.

मामा दारातच उभे राहिले.  "प्रकाश," ते म्हणाले, "त्या लग्नात मी तुले मारलं. तुही काही चूक नव्हती. लहानपणापासून तुले मी भेवात ठेवलं, तुह्या मायले बी ठेवलं. मी चुकलो. मी माफी मांगाले आलो. तू नाई केली तरी तुह्यावर माहा राग नाई."

 बाकावरच्या एकानं टोपी काढून हातात घेतली. प्रकाशनं मान खाली घातली. "बसा," तो म्हणाला. "एवढा फोटो होऊ द्या." त्यानं त्या म्हातारीचा फोटो काढला. तो दोनदा काढावा लागला. म्हातारी उठली, मामांकडे एकदा, प्रकाशकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "बाप हाये न तुहा? पाणी दे त्याले."

प्रकाशनं पाणी आणलं. पण ग्लास मामांना देण्याआधी तो आईकडे वळला. इतक्या वर्षांचं सगळं त्या एका प्रश्नात होतं. "आई, हे खरं आहे का? की आजच्यापुरतं?"

मी मामींकडे पाहिलं. मामांनी पाहिलं नाही. ते जमिनीकडे बघत उभे होते.

मामी म्हणाल्या, "खरं हाये, बापू. मी राहून राह्यली न यांच्यासंगं. मले माहीत हाये. आता मी नाई भेत यांले."

पाण्याचा ग्लास प्रकाशच्या हातातून कोणी घेतला ते मला आठवत नाही. बापलेक एकमेकांना धरून उभे होते आणि मामांचं सगळं अंग हुंदक्यांनी हलत होतं. बाकावरची माणसं आपला फोटो राहिला हे विसरून त्यांच्याकडे बघत होती. मागच्या पडद्यातून एक छोटी मुलगी बाहेर आली आणि तिनं विचारलं, "बाबा, हे कोण?" मामी खाली बसल्या आणि तिला जवळ घेतलं. तीच रिबू, प्रकाशची मुलगी.

त्या वर्षीच्या पुनरुत्थानाच्या सणाला, म्हणजे ईस्टरला, पहाटेच्या उपासनेत मामांच्या ओळीत पाच माणसं बसली होती. उजाडताना गीत सुरू झालं तेव्हा रिबू मामांच्या खांद्यावर होती आणि तिनं त्यांचे दोन्ही कान लगामासारखे धरले होते. पाळकसाहेबांनी नंतर मामांना पंचाबद्दल पुन्हा विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "तुमी म्हणान तसं." पूर्वी हेच पद त्यांना हवं होतं, आता मिळालं तर त्याचा त्यांनी कुठं उच्चारही केला नाही. त्यांच्याकडे काम आलं ते मात्र कोणी वाटून दिलेलं नव्हतं. कोणाच्या घरात भांडण लागलं की लोक म्हणायचे, डोझरमामांना बोलवा. सासूसुनांत, भावाभावांत, एकदा तर सलीमभाईंच्या घरातही. ते जायचे, बसायचे, दोन्ही बाजूंचं ऐकायचे. उपदेश फारसा करायचे नाहीत. उठताना घरातल्या सगळ्यात गप्प माणसाला विचारायचे, "तुले काय वाटते?" पुष्कळदा भांडण तिथंच सुटायचं.

चर्चमधल्या तरुणांनी एकदा त्यांना विचारलं, की आपण विश्वासात वाढतोय हे ओळखायचं कसं. ते म्हणाले, "मले कायले विचारता? आपलं आपल्याले नाई कळत. मले वाटे मी लय वाढलो, तवा मी लहानच होतो. आता वाटते लय बाकी आहे, त मामी म्हणते ठीक आहे. मामीचं ऐकाव."

गेल्या उन्हाळ्यात मामा गेले. सकाळी अंगणात झाडांना पाणी घालताना छातीत कळ आली, आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. जाताना मामींचा हात त्यांच्या हातात होता. कबर खणायला चर्चची माणसं गेली तर सलीमभाई आणि त्यांच्या गॅरेजमधले दोघं तिथं आधीच फावडी घेऊन लागले होते. झरीकडचे नातेवाईक आले, खाणीतले जुने सोबती आले, घाटंजीहून ज्यांना मी ओळखत नव्हते अशी माणसं आली. कब्रस्तानापर्यंत आम्ही गात गेलो. रडत होतो, पण गाणं एकदाही तुटलं नाही. पुढं प्रकाश गात होता आणि सगळ्यात वरचा सूर त्याचा होता.

कबरीपाशी प्रकाशनं साक्ष दिली. त्यानं काही लपवलं नाही. मांडवातली थप्पड सांगितली, घरातलं भेव सांगितलं, आणि मग बाजाराच्या दिवशी दारात उभा राहिलेला बाप सांगितला. "माझ्या बापाला देवानं बदललं, याचा साक्षीदार मी आहे," तो म्हणाला.

घरी परतल्यावर मी मामींच्या खाटेशी बसले होते. रिबू आली. आता ती माझ्या खांद्याला लागते. तिचे डोळे सुजले होते आणि ती चिडलेली होती. "शीला आत्या, बाबा आज खोटं का बोलले?" तिनं विचारलं. "आबांनी कधी कोणाला मारलं? आबा तर ओरडायचे पण नाहीत. लोकांना काय वाटलं असेल?"

मी त्या मांडवात होते. वाढायचं भांडं माझ्या हातात होतं. तेवढ्यात मामी उठून बसल्या. त्यांनी रिबूला जवळ ओढलं, तिच्या कपाळावरचे केस मागं सारले. दिवसभरात पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर हसू आलं.

"बाबा खोटं नाई बोलला," त्या म्हणाल्या. "पण तो माणूस येगळा होता, बाई. त्याले जाऊन लय वर्ष झाले. तुले तो भेटलाच नाई."

रिबूनं थोडा विचार केला. "तरी आबांनी नाहीच मारलं," ती म्हणाली, आणि आलेल्या माणसांना पाणी द्यायला अंगणात निघून गेली.